रकूनला शाबासकी

अमेरिकेतल्या डुलुथ शहरातल्या कॉलेजात व्हर्ना हॉगन प्राण्यांची आणि लहान मुलांची हुशारी तपासायची. प्रयोग दोघांना एकच. उंच, अरुंद नळी, तिच्या तळाशी पाणी, पाण्यावर तरंगणारं बक्षीस आणि शेजारी खडे. खडे टाकले की पाणी चढतं, बक्षीस हाती लागतं. मुलांसाठी रबरी बदक, रकूनसाठी मार्शमेलो.

एका हिवाळ्यात पिकल नावाच्या रकूनने खड्यांना हातही लावला नाही. तो नळीवर चढला, मागेपुढे झुलला, सगळं आडवं केलं आणि मार्शमेलो मटकावला.

"लबाड कुठला," हसून हसून डोळे पुसत व्हर्ना म्हणाली. मदतनिसांनी टाळ्या वाजवल्या. अहवालात तिने लिहिलं, 'स्वतः शोधलेली नवी वाट.'

अहवाल एका मासिकात छापून आला, आणि पुढच्याच आठवड्यात तिची विद्यार्थिनी प्रिसिला मुलांचे तीन वर्षांपूर्वीचे व्हिडिओ चाळताना थबकली. "मॅडम, हे जरा बघता का?"

पडद्यावर चार वर्षांची टेसा लारू होती. व्हर्नाला ती आठवतही नव्हती. टेसाने खडे चाचपले, बाजूला सारले, इकडेतिकडे पाहिलं आणि आपल्या बाटलीतला सफरचंदाचा रस नळीत ओतायला लागली. बदक हळूहळू वर येऊ लागलं.

तेवढ्यात व्हर्नाचाच आवाज आला. "अगं, असं नाही करायचं, बाळा. रस प्यायचा असतो ना? खडे वापर बघू." पाठोपाठ एक हात आला आणि बाटली घेऊन गेला. टेसाने दोन्ही हात मांड्यांखाली दडवले. उरलेली दहा मिनिटं ती तशीच बसून होती.

व्हर्नाने जुनी वही काढली. 'जमलं नाही. लक्ष नव्हतं.'

"रकूनला मात्र आपण शाबासकी दिली," प्रिसिला हळूच म्हणाली.

"कळलं मला," व्हर्ना म्हणाली.

तिने नोंद बदलली, मासिकाला दुरुस्तीचं पत्र धाडलं. तरी चैन पडेना, म्हणून शनिवारी ती लारूंच्या घरी गेली. टेसाच्या आईने, लॉरेनने, कॉफी पुढे केली.

"अहो, एवढं काय मनाला लावून घेता? तिच्या लक्षातही नसेल. आणि पोरगी गुणाची आहे हो माझी. सांगितल्याशिवाय कशाला हात लावत नाही."

व्हर्नाने कप खाली ठेवला.

टेसा आली. सात वर्षांची, समोरचे दोन दात पडलेली. व्हर्ना तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. "तुझा रस मी उगाच काढून घेतला होता. माझं चुकलं. तुझी युक्ती छान होती."

टेसाने थोडा विचार केला. "मग मी काय करायला हवं होतं?"

"तू केलंस तेच."

मोठ्यांचं ऐकून घ्यायचं असतं, तशी टेसाने मान डोलावली. मग आईकडे वळून विचारलं, "आता जाऊ का मी?"