सापोतेला जामीन

फेर्मीन पायरीवर बसून कोयत्याला धार लावत होता आणि त्याची आई कासिल्दा दारातून त्याच्याकडे बघत होती. हातातली कॉफी तिनं अजून तोंडाला लावली नव्हती.

"आज कोयता उलटा मारायचा असतो," ती म्हणाली. "त्याला धार कशाला?"

"गंज चढला होता."

"कोयत्याला, की तुला?"

फेर्मीननं मान वर केली नाही. आत उकडलेली कच्ची केळी कुस्करत बसलेल्या त्याच्या बायकोचा, नेरेइदाचा हात मात्र थांबला. गंजाबिंजाचं काही नव्हतं, हे त्या घरात दोघांनाच ठाऊक होतं.

सान हुआनचा सण होता. या सकाळी न फळणाऱ्या झाडाला दम द्यायचा, हे त्या डोंगरातल्या गावात कुणाला शिकवावं लागत नाही. पुरुषानं कोयता घेऊन झाडापुढे उभं राहायचं, कोयत्याच्या पाठीनं दोन-चार तडाखे द्यायचे आणि विचारायचं, ठेवू की तोडू? मग घरातल्या बाईनं पुढे होऊन म्हणायचं, ठेव, मी जामीन, पुढच्या वर्षी देईल. जामीन मिळाला की कोयता खाली. झाड घाबरतं आणि फळतं म्हणे. नाही फळलं तर पुढच्या वर्षी पुन्हा तेच. सगळं नाटकच, पण ते करताना हसायचं नाही. आणि जामीन मिळाला नाही तर उगारलेला कोयता तसाच मागे घ्यायचा नाही. तशी वेळ आजवर कुणावर आली नव्हती. कोण कशाला झाडाशी वैर धरेल?

फेर्मीनच्या परसातलं सापोतेचं फळझाड दिग्नानं लावलं होतं, म्हणजे त्याच्या पहिल्या बायकोनं. त्यांची लेक युदेल्का तेव्हा रांगत होती. पुढे दिग्ना माद्रिदला म्हाताऱ्या माणसांची उस्तवार करायच्या कामावर गेली. आधी कपड्यांची खोकी आणि फोन यायचे, मग नुसतेच फोन, आणि मग तिनं तिकडे दुसरा संसार मांडल्याची बातमी आली. झाड मात्र वाढत राहिलं. पानं एवढी दाट की परसात ऊन शिरायची सोय नाही, आणि फळ म्हणाल तर औषधालाही नाही.

नेरेइदा या घरात आली तेव्हापासून त्या सावलीशी झगडत होती. तिनं लावलेली पपई उजेड शोधत वाकडी होत गेली आणि एका पावसात आडवी झाली. लिंबाला नुसती पानंच यायची. फेर्मीन एक फांदी छाटू देत नसे, आणि संध्याकाळी खुर्ची टाकायचा ती नेमकी त्या झाडाखाली. सवतीशी निदान भांडता येतं. झाडाशी काय भांडणार? युदेल्का तर तिला आई म्हणत नव्हतीच, नावानंही हाक मारत नव्हती. "जेवायचं झालंय का" हे ती समोरच्या भिंतीला विचारायची.

दरवर्षी कासिल्दाच जामीन राहायची. या वर्षी तिनं सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "आता घरची बाई नेरेइदा. तीच बोलेल." हे ऐकायला नेरेइदाचे कान आसुसलेले होते. ते आलं, तेही या झाडाच्या पायी. त्या रात्री तिनं फेर्मीनला विचारलं होतं,

"मी गप्प बसले तर?"

तो छताकडे बघत होता. मग म्हणाला, "तर तोडावं लागेल."

"मग तोड."

"बरं," एवढंच तो म्हणाला, आणि कूस बदलून पडून राहिला. झोपला मात्र नव्हता.

उन्हं वर आली तशी माणसं जमली. कुंपणापाशी शेजारणी उभ्या होत्या. फेर्मीनचा जिवलग एलिहिओ, युदेल्काचा बाप्तिस्म्यातला धर्मपिता, सगळ्यांच्या पुढे होता. असल्या वेळी तो नेहमीच पुढे असतो. युदेल्का स्वयंपाकघराच्या पायरीवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. चौदा-पंधराची पोर, पण चेहरा असा की आपला इथे काही संबंधच नाही.

फेर्मीननं कोयत्याच्या पाठीनं बुंध्यावर तडाखे दिले.

"फुकट पाणी पितंस, फुकट जागा अडवतंस. सांगा, ठेवू की तोडू?"

"तोड," एलिहिओनं रीतीप्रमाणे सूर लावला. "चुलीला तरी होईल."

सगळ्यांचे डोळे नेरेइदाकडे वळले. तिनं एप्रनचं टोक मुठीत घट्ट धरलं आणि समोर बघत राहिली.

"ठेवू की तोडू?" फेर्मीननं पुन्हा विचारलं.

"काय गं नेरेइदा," एलिहिओ म्हणाला, "तोंडात मिठाची गुळणी धरलीस की काय?"

कुंपणापाशी कुणीतरी फिसकन हसलं. नेरेइदा बोलली नाही. कासिल्दानं तिच्याकडे पाहिलं, मग लेकाच्या हातातल्या लखलखत्या पात्याकडे पाहिलं, आणि सकाळच्या त्या धारेचा अर्थ तिच्या ध्यानात आला. ती बोलायला पुढे झाली.

"तू नाही, आई," फेर्मीन म्हणाला. "या वर्षी तू नाही. तूच सांगितलंस ना."

त्यानं कोयता मुठीत फिरवला आणि घाव घातला.

साल फाटली. पांढरा चीक बाहेर आला आणि बुंध्यावरून ओघळायला लागला. कुंपणापाशी आता कुणी हसत नव्हतं. फेर्मीननं दुसरा घाव घातला, त्याच जागी, पण तो झाडाकडे बघतच नव्हता. तो नेरेइदाकडे बघत होता, आणि त्याच्या नजरेत राग नव्हता, विनवणी होती. तिनं बोलावं म्हणून तो जणू नजरेनंच हात जोडत होता. नेरेइदाच्या अंगाचा तिळपापड झाला. एवढी वर्षं त्याच्या घरात राबले, पण माझ्यासाठी याच्या डोळ्यांत असं कधी आलं नाही, तिला वाटलं. तिनं ओठ आणखी घट्ट मिटले.

आता पोरगी ओरडेल, तिनं मनाशी म्हटलं. ओरडू दे. तिच्या आईचं झाड आहे, तीच राहू दे जामीन.

युदेल्का उठली. परस ओलांडून सरळ झाडापाशी आली. माणसं बाजूला सरली.

"पापा, असं नाही तुटणार ते," ती म्हणाली. "खालून घाल."

"काय?"

"तोडायचंय ना? मग खालून घाल. एकदाचं होऊन जाऊ दे. ते काही देणार नाही. तुम्ही सगळे दरवर्षी उगाच त्याच्यापुढे नाचता."

"पोरी, तुझ्या आईनं लावलंय ते," कासिल्दा म्हणाली.

"म्हणूनच सांगते, आजी."

आवाज अगदी कोरडा होता. बाजारातल्या भावाबद्दल बोलावं तशी ती बोलत होती. पण बोलता बोलता तिनं एक हात झाडावर टेकवला होता, आणि तो नेमका त्या घावावर होता. चीक तिच्या बोटांमधून मनगटावर उतरत होता.

"हात काढ," फेर्मीन म्हणाला.

"तू घाल ना."

"युदेल्का, हात काढ म्हणतो ना."

"घाल म्हटलं ना, पापा."

तिनं हात काढला नाही. तो हात तिथे आहे हे तिच्या लक्षात तरी होतं की नाही, कोण जाणे. फेर्मीनचा कोयता हवेतच राहिला. खाली घेता येत नव्हता आणि मारताही येत नव्हता.

नेरेइदाला या मुलीचा आजवर रागच आला होता. कीव कधी आली नव्हती, आत्ताही आली नाही. आपल्या घरचं माणूस उघड्यावर पडलंय आणि सगळं गाव उभं राहून बघतंय, एवढंच तिला दिसलं, आणि ते तिला सहन होईना. एप्रन सोडून ती पुढे गेली. जाऊन कोयता आणि मुलगी यांच्या मधोमध उभी राहिली.

"ठेव," ती म्हणाली. "मी जामीन."

एलिहिओनं एवढा मोठा श्वास सोडला की सगळ्यांना ऐकू गेला.

"कशाबद्दल?" कासिल्दानं विचारलं. असं विचारायची रीतच होती.

"पुढच्या वर्षी देईल. त्याबद्दल."

फेर्मीननं कोयता खाली टाकला. टाकला म्हणजे तो हातातून गळालाच.

युदेल्का गर्रकन वळली. "तुला कुणी मध्ये पडायला सांगितलं होतं?"

इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच भिंतीशी न बोलता नेरेइदाच्या तोंडाकडे बघून बोलली होती.

"कुणी नाही," नेरेइदा म्हणाली.

"आणि नाही दिलं तर?"

"तर पुढच्या वर्षी पुन्हा उभी राहीन."

"आणि त्याच्या पुढच्या?"

"तुला काय करायचंय? जामीन मी आहे."

युदेल्कानं पाठ फिरवली. ती घरात गेली आणि दार धाडकन लागलं. कुंपणापाशी कुजबुज सुरू झाली, मग कुणीतरी नदीवर सणाच्या आंघोळीला जायची आठवण केली, आणि बघता बघता परस रिकामं झालं. एलिहिओ जाता जाता फेर्मीनच्या पाठीवर थाप मारून गेला.

"तू तर म्हणाली होतीस..." फेर्मीननं सुरुवात केली.

"गप्प बस," नेरेइदा म्हणाली.

जामीन राहिलेल्या माणसानं त्याच दिवशी झाडाला काहीतरी घालायचं असतं. तिनं घावावर ओली माती थापली, घट्ट दाबली. मग चुलीतली गार राख बादलीत भरून आणली आणि बुंध्याशी ओतायला वाकली.

"तिथे नाही."

युदेल्का दारात उभी होती. हात धुऊन आली होती, तरी चिकाचे डाग बोटांवर तसेच होते. डोळे सुजलेले होते, आणि ते लपवायचा तिनं प्रयत्नही केला नव्हता.

"बुंध्याशी नाही टाकायची," ती म्हणाली. "लांब टाकायची. फांद्या संपतात तिथे. आई तशी टाकायची."

त्या घरात दिग्नाचा उल्लेख कुणी करत नसे, आणि मुलीनं तर कधीच केला नव्हता. नेरेइदानं बादली उचलली आणि मागे सरली.

"इथे?"

"अजून लांब."

ती आणखी मागे गेली. "इथे?"

युदेल्कानं वर फांद्यांकडे पाहिलं, मग खाली जमिनीकडे. पायरी उतरून ती जवळ आली आणि पायाच्या अंगठ्यानं तिनं मातीत एक रेघ ओढायला घेतली.

"इथून," ती म्हणाली. "चल माझ्या मागून."