बूट स्टुलावर, काकड्या माझ्या पोटात

मित्रांनो, या, बसा, पण माझ्याकडे बघून नाक मुरडू नका. स्मिला गावच्या क्रीडाशाळेत कोपऱ्यात पडलेली ही हिरवी, जुनी बॅग म्हणजे मी. आज माझ्या पोटात मुलांचे चेंडू असतात. कुणी येतं, मला लाथेने सरकवतं आणि जातं. सरकवा. पण जिला सरकवताय ती कोण आहे, ते आधी ऐकून घ्या.

माझा जन्म तंबू शिवायच्या कारखान्यात झाला. पारास्कामावशी तिथे शिलाईला होती. तिचा भाचा देम्यान शाळेत असतानाच दारातून वाकून आत यायचा. त्याचे पाय इतके मोठे की दुकानातल्या एकाही बॅगेत त्याचे बूट आडवे मावेनात. तेव्हा मावशीने तंबूचं उरलेलं कापड घेतलं, त्याला दुहेरी टीप घातली, पट्टा चौपदरी केला आणि मला उभं केलं. देम्यानची आई राईसा मला बघून म्हणाली, "अगं पारास्का, यात तर आख्खा डुक्कर मावेल."

"मावेल," मावशी म्हणाली. "तू घालू नकोस म्हणजे झालं."

देम्यानचा बाप लवकर गेला होता. या दोघी बहिणी एकाच घरात राहायच्या, एकाच चुलीवर भांडायच्या आणि देम्यान दोघींच्या मध्ये बसून जेवायचा.

देम्यान बास्केटबॉल खेळायचा, आणि चांगला खेळायचा. बरोबरची पोरं नुसती उंच होती, हा उंच होता आणि त्याला हात होता. अंगावर माणूस लोंबत असताना बाजूने हात फिरवून चेंडू जाळीत टाकायचा, जसा आपण पेल्यात साखर टाकतो तसा. पुढे पोलंडच्या एका क्लबने त्याला बोलावलं, मग रोमानियाच्या. त्या काळी क्लबच विमानाचं तिकीट पाठवायचे. मी किती विमानतळांचे सामानाचे सरकते पट्टे पाहिले! पोलंडमध्ये सामान चढवणाऱ्या एका माणसाने मला उचललं, शिवणीवरून अंगठा फिरवला आणि सोबत्याला म्हणाला, "हे बघ. अशी टीप आता कुणी घालत नाही." मला त्या दिवशी इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

पण कौतुक टिकत नाही. रोमानियाच्या क्लबने सगळ्यांना चाकांच्या बॅगा वाटल्या. चकचकीत, गुळगुळीत, आत कप्प्यात कप्पा. देम्यानने ती घेतली आणि मला घरी पलंगाखाली ढकललं. राईसाने माझ्यात बटाटे भरले. तंबूच्या कापडाची मी, परदेश पाहिलेली, आणि माझ्यात बटाटे. त्यांना कोंब आले, तरी कुणी वाकून बघितलं नाही.

आता पुढची गोष्ट नीट ऐका, कारण सगळा घोळ तिथून सुरू होतो.

आमच्या लोकांची एक रीत आहे. घरातून बाहेर पडल्यावर काही विसरलं म्हणून परत फिरायचं नाही. फिरलं तर काम बिघडतं; फिरावंच लागलं तर आरशात बघून निघायचं, म्हणजे दोष थोडा कमी होतो. एका उन्हाळ्यात देम्यान रोमानियाला निघाला, फाटकापाशी पोचला आणि फोनचा चार्जर विसरला म्हणून परत आला. राईसा ओरडली, "आरशात बघ! आरशात बघून मग जा!" तो हसला, चार्जर घेतला आणि आरशात न बघताच गेला. त्याच हंगामात उडी मारून खाली येताना त्याचा गुडघा गेला. झालं. डॉक्टर म्हणाले स्नायुबंध तुटला, राईसा म्हणाली चार्जर.

गुडघा कापून शिवला. देम्यान घरी आला, आणि हळूहळू त्याला येणारे फोन बंद झाले. तिशी ओलांडलेला, गुडघा शिवलेला खेळाडू कोणाला हवा असतो? तो सकाळी पळायला जायचा, दुपारी क्रीडाशाळेच्या जाळीत चेंडू टाकायचा, आणि संध्याकाळी फोन उलटा करून ठेवायचा. डॉक्टरांनी त्याच्या पायांचा साचा घेऊन बुटात घालायचे जाड तळवे करून दिले होते. एक बाजू किंचित उंच. "हे असतील तर गुडघा सरळ पडेल," ते म्हणाले होते. "नसतील तर खेळू नकोस." देम्यानने ते बुटात बसवले आणि ते बूट तो पोटच्या पोरासारखे जपायचा.

आणि एका हिवाळ्यात लिथुआनियाहून फोन आला. तिथल्या एका लहान क्लबचा उंच खेळाडू हंगामाच्या मध्येच जायबंदी झाला होता. कोचने देम्यानचे जुने सामने बघितले होते. "तीन दिवसांसाठी ये, खेळून दाखव. जमलं तर ठेवतो." देम्यानने फोन ठेवला. मग म्हणाला, "मावशी, हे गेलं तर संपलं. यापुढे कुणी बोलावणार नाही."

चाकांच्या बॅगेचं चाक केव्हाच मोडलं होतं. तेव्हा कुठे त्यांना माझी आठवण झाली. बटाटे ओतले, मला झटकलं. देम्यानने स्वतःच्या हाताने आधी तळाशी बूट ठेवले, मग कपडे, मग टॉवेल. मला अगदी हलकं आणि शहाण्यासारखं वाटलं.

तो आंघोळीला गेला आणि राईसा आली.

"पोरगं तिथे खाणार काय?" ती स्वतःशीच म्हणाली. लिथुआनियात जणू माणसं उपाशीच राहतात! तिने खारवलेल्या काकड्यांची बरणी आणली. जर्दाळूच्या मुरंब्याची आणली. काळ्या मनुकांची आणली. बरण्या मावेनात, म्हणून तिने बूट बाहेर काढले आणि स्टुलावर ठेवले. "हे हातात घेईल," म्हणाली. मनात म्हणाली असती तरी चाललं असतं, कारण ऐकायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

मग सगळे बसले. निघण्याआधी घटकाभर गप्प बसायचं, ही पण आमची रीत. जाणाराही बसतो, पोचवणाराही. का बसतात? काय राहिलं, काय विसरलं ते आठवावं म्हणून. आमच्या घरी बसतात सगळे, आठवत कुणालाच नाही. राईसा माझ्यावरच बसली, मावशी पलंगावर, देम्यान खिडकीत, बाहेर बघत. आणि बूट समोर स्टुलावर, पाहुण्यासारखे. मी आतून ढुशी दिली, बरणीचं झाकण राईसाच्या मांडीला टोचलं. ती नुसती बाजूला सरकली.

बसस्टँडवर देम्यानने मला खांद्यावरून उतरवलं आणि थबकला. आपल्या सामानाचं वजन खेळाडूला कळतं.

"आई, हिच्यात बूट आहेत ना?"

"स्टुलावर ठेवले होते बाळा. तू घेतले नाहीस?"

"मला काय माहीत तू काढलेस ते!"

घर दोन गल्ल्या पलीकडे. ड्रायव्हर सिगारेट ओढत उभा. देम्यान वळला, तर राईसाने त्याच्या बाहीला धरलं. "परत फिरायचं नाही! मागच्या वेळी काय झालं ते विसरलास? गुडघा गेला, आता काय मान मोडून घ्यायचीय?"

"आई, बूट आहेत ते! माझ्या मापाचे तिथे मिळायचे नाहीत!"

"नवे घे. फिरायचं नाही म्हणजे नाही. माझं मेलेलं तोंड बघशील."

आणि मित्रांनो, हा एवढा दारात न मावणारा माणूस, परदेशात ज्याच्या नावाने लोक उभे राहून टाळ्या वाजवायचे, तो तिथे उभा राहिला. त्याने घराकडे पाहिलं, गुडघ्याकडे पाहिलं आणि बसमध्ये चढला. त्यालाही आतून भीती वाटली होती. ते बघून मला असा संताप आला की माझी चेन दातांसारखी वाजली.

पहिल्या दिवशी कोचने त्याच्या पायांकडे बघितलं. पायांत रोजचे चालायचे बूट.

"खेळायचे कुठायत?"

"घरी राहिले."

"सुतार करवत विसरून येतो का?" कोचने नाक वर केलं. "आणि हा वास कसला?"

"काकड्या, सर."

सगळे हसले. पण देम्यानने उभ्या जागेवरून चेंडू टाकायला सुरुवात केली आणि हसणं हळूहळू थांबलं. दुसऱ्या दिवशी तर कोच खुर्चीतून उठून जवळ आला. "हात आहे तुझा. पण मला पळून दाखव. उद्या सामना लावतो. बूट आण कुठूनही."

तिकडे घरी, हे मी नंतर ऐकलं, मावशीला कळलं होतं. ती राईसावर कडाडली. राईसा म्हणे, "परत फिरलं तर..."

"परत फिरणारा तो," मावशी म्हणाली. "मी कुठे निघाले होते? मी तर घरातच आहे. दे इकडे बूट. मिनीबसवाल्याकडे देते."

आमच्याकडे परदेशी गेलेल्यांना सामान असंच जातं. कामाला जाणाऱ्यांच्या मिनीबस धावतात, ड्रायव्हरच्या हातात पुडकं द्यायचं, पोचतं. राईसा म्हणाली, "थांब, मी नीट बांधून देते." मावशीने दिले बांधायला. तिथेच ती चुकली, पण तिला काय माहीत?

तिसऱ्या दिवशी सकाळी पुडकं आलं. देम्यानने ते माझ्या शेजारी बाकावर ठेवून फोडलं. बूट होते. दोन्ही बुटांत डुकराच्या खारवलेल्या चरबीचे, आमच्याकडच्या लाडक्या खाऊचे, तुकडे कापडात गुंडाळून ठासलेले, वर लसूण. त्याने ते उपसले आणि आत बोटं घातली. मग दुसऱ्यात घातली. मग बूट उलटे करून आपटले. तळवे नव्हते.

त्याने घरी फोन लावला.

"पोचलं का बाळा? लसूण सोलूनच पाठवलाय."

"आई, बुटात जाड तळवे होते."

"त्या मळक्या चकत्या होय? काढल्या मी. घामाचा वास मारत होत्या, चरबीला लागला असता ना."

देम्यानने डोळे मिटले. सांग तिला, मी मनात म्हटलं. सांग रे मेल्या, ओरड एकदा, तुझा हक्क आहे!

"बरं केलंस आई," तो म्हणाला. "सगळ्यांना देतो."

आणि बूट घालून तो मैदानात उतरला. कोचला एक शब्द सांगितला नाही. काय खेळला हो! दोन दोन माणसं अंगावर घेऊन टाकत होता. बाकावरची पोरं ओरडायला लागली. कोच मदतनिसाला काहीतरी सांगत होता आणि मान हलवत होता, होकाराची. मला वाटलं, झालं, जिंकलो. तेवढ्यात तो उंच उडाला, चेंडू घेतला आणि खाली आला. पाय आतल्या बाजूला कलला. पडला नाही तो. पण पुढच्या धावेत लंगडला, आणि ते सगळ्यांनी पाहिलं.

कोच त्याच्याजवळ बाकावर येऊन बसला. गुडघ्यावर बर्फ होता. "हात सोन्याचा आहे तुझा," तो म्हणाला. "पण मला हंगामभर उभा राहणारा माणूस हवा. माफ कर."

"समजलं, सर," देम्यान म्हणाला. आणि त्याने खरंच ती चरबी सगळ्यांना वाटली. त्या मेल्यांनी बोटं चाटून खाल्ली.

घरी आलो. राईसाने दारातच विचारलं, "ठेवलं का?"

"नाही आई. त्यांना तरुण हवा होता."

राईसा मटकन बसली. मग तिची नजर बहिणीकडे वळली. "तूच!" ती म्हणाली. "तूच ते बूट मागून पाठवलेस. मी म्हणत होते, निघाल्यावर मागची वस्तू हलवू नका. घालवलंस माझ्या पोराचं नशीब!"

पारास्कामावशीने आयुष्यात कुणाचं ऐकून घेतलेलं नाही. कारखान्याच्या साहेबाला तिने कात्री दाखवली होती. ती उत्तराला तोंड उघडणार, तोच तिला खिडकी दिसली. खिडकीत राईसाच्या फुलझाडांच्या कुंड्या होत्या, आणि दोन कुंड्यांखाली, पाणी टिपायला, ते जाड तळवे. मावशीने तळवे पाहिले. देम्यानचं लंगडणं पाहिलं. तिला सगळं कळलं. तिचा चेहरा लालबुंद झाला.

देम्यानने आईच्या डोक्यावरून तिच्याकडे बघितलं आणि मान हलवली. नाही.

मावशीने खिडकीकडे पाठ केली. "हो बाई," ती म्हणाली. "माझंच चुकलं."

राईसा रडत रडत सूप गरम करायला गेली. ती आजही सगळ्या गावाला सांगते की बहिणीने घात केला, आणि मावशी आजही ऐकून घेते. देम्यान इथे मुलांना शिकवतो. बरा आहे. पण माझ्या पोटात हे सगळं भरलेलं आहे, आणि मला तोंड नाही, नुसती चेन आहे.

म्हणून मित्रांनो, तुम्हाला सांगते. तुमचं माणूस लांब निघालं, तर त्याची बॅग प्रेमाने जरूर भरा. पण भरण्याआधी त्याला एकदा विचारा, बाबा, तुला काय हवंय? आणि त्याने स्वतःच्या हाताने ठेवलेली वस्तू, कितीही मळकी दिसली, तरी काढू नका. आणि तुमच्यापैकी कुणाच्या घरी एखादी मावशी असेल, न केलेल्या चुकीचं ओझं गप्प वाहणारी, तर जा, आजच तिच्याजवळ जाऊन बसा. काही बोलायची गरज नाही. तिला कळेल.