पाठीमागची काठी

"चालू करा ना मशीन, चाचा! ऊन चढून राह्यलं," कुलदीप खेकसला.

रज्जाकने कटर मशीनची दोरी धरली आणि पुन्हा सोडून दिली. वरवट बकालच्या त्या अंगणात बाभळीचं वाळकं खोड आडवं पडलं होतं आणि आत, घरात, कुलदीपचा काका रामराव. पहाटे छातीत कळ आली, पाणी तोंडाला लावायच्या आत माणूस गेला. त्याच्याच सरणाची लाकडं आता रज्जाकला कापायची होती.

"मांगं कोनी नाई," रज्जाक पुटपुटला. "रामरावबिगर म्या मशीन कधी चालवली नाई."

खरंच होतं ते. मशीन सुरू झाली की रज्जाकला दुसरं काही ऐकू येत नसे. म्हणून रामराव लांब वेळूची काठी घेऊन मागे उभा राही. खांद्यावर काठी एकदा लागली की थांब, दोनदा लागली की चालू दे. फांदी वजनाखाली दबून ताणलेली असली, पाय निसरड्यावर पडला, मशीनच्या साखळी फिरणाऱ्या पट्टीचं टोक दुसऱ्या लाकडाला लागू पाहिलं, की काठी आलीच. लोक हसायचे, "रामराव बैल हाकून राह्यला," म्हणायचे. हसेनात का! उभ्या हयातीत रज्जाकच्या अंगावर ओरखडा नव्हता, ती त्या काठीची पुण्याई.

"आता कुठून आनू काकाले?" कुलदीपचा आवाज फाटला. "कापा ना तसंच!"

रज्जाक मान खाली घालून उभा राहिला. हट्ट नव्हता तो. त्याला भीती वाटत होती, आणि मित्राच्या दारात ती सांगायची लाज वाटत होती.

तेवढ्यात रामरावची बायको गोजरबाई बाहेर आली. बाया तिला धरू लागल्या, तिने हात सोडवून घेतले. दाराआडची काठी उचलली आणि रज्जाकच्या मागे काठीभर अंतरावर जाऊन उभी राहिली.

"मी हावो मांगं. कर चालू."

बाया कुजबुजल्या, पण तिला आत बोलवायची कुणाची छाती झाली नाही.

रज्जाकने खोडाखाली टेकू सरकवला, पाय रोवले, दोरी ओढली. भुसा उडू लागला. एक ओंडका सुटला, दुसरा सुटला. तिसऱ्याला खांद्यावर काठी लागली. एकदाच.

त्याने झटकन मशीन बंद केली. खोड पाहिलं, पाय पाहिले, पट्टी पाहिली. काहीच चुकलं नव्हतं. तो वळला.

"आधी डोये पूस, रज्जाकभाऊ," गोजरबाई म्हणाली. "मांगून तुहे खांदे हालताना दिसून राह्यले. डोयाले दिसत नसन त मशीन चालवू नोको. थे असते त हेच म्हनले असते."

रज्जाकने गळ्यातल्या रुमालाने डोळे पुसले. ते पुन्हा भरले, त्याने पुन्हा पुसले. अंगणात कुणी घाई केली नाही, कुलदीपनेही नाही. शेवटी खोड नीट दिसू लागलं तेव्हा त्याने पाठ फिरवली, दोरी ओढली आणि वाट पाहत उभा राहिला.

खांद्यावर काठी लागली. दोनदा.