खंडाच्या दिवशीची सही

मी एक वही बोलतेय. एका विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागातली, खंदक क्रमांक चारची वही. पाने दोनशे, पुठ्ठा काळा, कोपरे झिजलेले, शिलाई अजून शाबूत. सध्याचा मुक्काम आस्थापना विभागातल्या लोखंडी कपाटात, वरून दुसरा कप्पा. अंगावर चिठ्ठी डकवली आहे, 'पुरावा. हलवू नये.' मी स्वतःहून हलत नाही. पण गेल्या वर्षभरात माझ्यामुळे जे जे हलले, त्यांच्या खुर्च्या अजून करकरतात.

माझा जन्म छापखान्यातला. सर्वांत कमी दराच्या निविदेतून मी विद्यापीठात आले. कागद जाड असावा अशी अट होती, दर कमी असावा अशीही होती, आणि दोन्ही अटी पाळल्याचं प्रमाणपत्र गठ्ठ्यासोबत जोडलेलं होतं. कागद अर्थात पातळच होता. शिवणाऱ्या बाईने मात्र दोरा मन लावून ओढला. निविदेत तिचा उल्लेख नव्हता, म्हणून कदाचित.

त्याच गठ्ठ्यातली माझी एक सख्खी बहीण विभागाच्या कार्यालयात गेली आणि हजेरीपट झाली. पंख्याखाली खण, शाईची लेखणी, महिन्याकाठी साहेबांची सही. मी गेले खड्ड्यात. शब्दशः. पंधरा फूट खोल, शिडीने उतरायचं, पेन्सिलने लिहायचं, ऊन डोक्यावर आणि धूळ पानापानांत. माझ्या पहिल्या पानावर विभागप्रमुखांनी स्वतःच्या अक्षरात नियम लिहिला, 'थर जो उघडेल, त्यानेच त्याच दिवशी नोंद करावी व खाली सही करावी. सबब चालणार नाही.' या विभागप्रमुखांना सगळे नुसतं 'सर' म्हणायचे. माणूस वाईट नव्हता. सही मागितली की करायचा, एवढाच त्यांचा दोष.

माझ्यात लिहिणाऱ्या बाईंना मजूर 'ओळंबा' म्हणत. हातात सदा ओळंबा, खड्ड्याची भिंत बोटभर कलली तरी पुन्हा तासायला लावायच्या. पदनाम, उत्खनन सहायक, हंगामी. हंगामी म्हणजे हंगामापुरत्या. बाईंचा हंगाम सोळा वर्षं चालला होता. एवढा लांब हंगाम मातीतही कुणाला सापडला नसेल.

आता विद्यापीठाची एक रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. हंगामी माणसाला एकोणनव्वद दिवसांचा नेमणूक आदेश मिळे. सलग नव्वद भरले तर रजा, औषधपाणी, भविष्यनिर्वाह निधी, पुढे निवृत्तिवेतन असे नाना हक्क चिकटण्याचा धोका होता. म्हणून एकोणनव्वदाव्या संध्याकाळी बाईंची नोकरी संपे. दोन दिवस त्या कुणीच नसत. याला म्हणत 'खंड'. तिसऱ्या दिवशी त्याच बाई त्याच स्टुलावर नव्याने रुजू होत. रुजू होण्याच्या अर्जात 'पूर्वानुभव' असा रकाना होता. तिथे त्या दर वेळी एकच शब्द लिहीत, 'इथलाच.'

पण माती आदेश वाचत नाही. अर्धा उघडलेला थर दोन दिवस उन्हात राहिला की तडकतो, रंग उडतो, आणि काळी माती कुठे संपून तांबडी कुठे सुरू झाली हे मग ब्रह्मदेवाच्या बापालाही सांगता येत नाही. म्हणून खंडाच्या आदल्या दिवशी सर शिडीवरून वाकून म्हणत, "बाई, उद्या-परवा तुमचा खंड आहे, ठाऊक आहे मला. पण थर अर्धा उघडलाय. तेवढं बघा ना."

"बघते. पण सर, उद्या मी नोकरीत नाही. पडले-झडले तर?"

"पडू नका."

विभागाचं वैद्यकीय धोरण एवढंच होतं.

तर बाई यायच्या. थर उघडायच्या, लिहायच्या, सही करायच्या. माझ्यात तारीख पडायची. त्याच तारखेला तिकडे माझ्या बहिणीच्या अंगावर तांबडी रेघ ओढली जायची, 'खंड'. महिन्याअखेर दोघींवर एकाच हाताची सही. मी म्हणायची बाई होत्या, ती म्हणायची नव्हत्या. बहिणी-बहिणींत एवढी तेढ भाऊबंदकीच्या दाव्यातसुद्धा नसेल.

माझ्या तिसऱ्या वर्षी, खंडाच्या दुसऱ्या दिवशी, बाईंच्या थापीला काहीतरी गोल लागलं. मडकं. त्याच्या शेजारी दुसरं, खाली तिसरं. संध्याकाळपर्यंत अख्खी भट्टी उघडी झाली. आत एकेचाळीस मडकी, भाजून तयार, रचलेली तशीच. ज्याने लावली तो परत काढायला आलाच नव्हता. खालची चार फुटली होती, बाकी ठणठणीत. बाईंनी माझं एकशे सतरावं पान काठोकाठ भरलं. खाली सही करताना पेन्सिलीचं टोक मोडलं, पुन्हा तासलं आणि आडनाव पुरं केलं.

त्या भट्टीने विभागाचं सोनं झालं. अनुदान आलं, नवी गाडी आली, सर चार देश फिरून आले. मोठं पुस्तक निघालं. त्यात सरांनी एक चूक केली, आणि ती फक्त पुरातत्त्वाचाच माणूस करू शकतो. शिस्तीचा नमुना म्हणून त्यांनी माझं एकशे सतरावं पान जसंच्या तसं छापलं. तारखेसकट, सहीसकट. खाली ओळ, 'एकाही दिवसाचा खंड न पडता ठेवलेली दैनंदिन नोंद.'

पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीसाठी आकृत्या नीट करायला बाईंनी मला दोन दिवस घरी नेलं. घरात त्या आणि सासूबाई, दोघीच. सासूबाईंनी चष्मा लावून मला उलटसुलट पाहिलं.

"सोळा वर्षं माती उकरतेस. एक बी पेरलं असतंस तर आतापावेतो सावलीत बसलो असतो."

"आई, भट्टी सापडली आहे. मोठं नाव झालंय."

"कुणाचं?"

बाई आकृती काढत राहिल्या.

"हे बघ सूनबाई," सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्यांचं निवृत्तिवेतन येतं म्हणून माझी औषधं येतात. तुझी कोण आणणार? ही खापरं? निवृत्तीला चौदा महिने उरलेत तुझ्या. मी आहे तोवर भागेल. पुढे?"

त्या रात्री बाईंनी पुढचं काहीच रेखाटलं नाही. आठवडाभराने त्यांनी अर्ज दिला, सोळा वर्षांची सेवा सलग धरून निवृत्तिवेतनास पात्र ठरवावे.

आस्थापना विभागाच्या हेडक्लार्कने माझ्या बहिणीला टेबलावर पसरलं. तांबड्या रेघा मोजल्या. "चौसष्ट खंड आहेत, बाई."

"खंड कागदात आहेत, साहेब."

"मग नोकरी तरी कशात आहे? कागदातच ना?"

बाईंनी पिशवीतून मला काढलं आणि बहिणीशेजारी ठेवलं. इतक्या वर्षांनी आम्ही भेटलो. तिच्या पानांना डाग नव्हता. माझ्या पानांतून मूठभर माती सांडली आणि हेडक्लार्कच्या चहात पडली. त्याने एकशे सतरावं पान वाचलं, बहिणीतली तारीख पाहिली, पुन्हा मला वाचलं. मुरलेला गडी होता, घाबरला नाही.

"याचा अर्थ त्या दिवशी खंदकात अनधिकृत व्यक्ती होती. अशा व्यक्तीने केलेली नोंद रद्दबातल समजावी लागेल."

"बरं," बाई म्हणाल्या. "तेवढं लेखी द्या."

आणि त्याने दिलं! जावक क्रमांकासकट दिलं. लेखी मागितलं की जन्मभर टाळणारा माणूस एकदाच पटकन लिहून गेला, तोही नको तिथे. कारण नोंद रद्द म्हणजे भट्टी रद्द. कोणत्या थरात, कशाच्या खाली, कशाच्या वर, हे सांगणारी नोंद गेली की एकेचाळीस मडकी ही नुसती एकेचाळीस मडकी. कुंभाराच्या दुकानात याहून चांगली मिळतात.

ते पत्र घेऊन बाई सरांकडे गेल्या. सरांचा चेहरा मातीच्या रंगाचा झाला. दुसऱ्या दिवशी त्यांनी दार लावलं, मला समोर ठेवलं आणि बाईंना बसायला सांगितलं. सोळा वर्षांत पहिल्यांदा.

"बाई, एक सुवाच्य प्रत करू या. एवढ्याच पानाची. खाली मी सही करतो. भट्टी वाचेल. तुमचं मग मी बघतो ना."

टेबलावर ब्लेड होतं. आता ऐका. माझ्या एकशे सतराव्या पानाचा कागद शिवणीपलीकडे जाऊन एकशे तेविसावं पान होतो. एक ओढलं की दुसरं सुटतं. आणि एकशे तेवीसवर सरांचीच टीप आहे, 'उत्तम काम. बाईंचे अभिनंदन.' मला तोंड असतं तर तिथल्या तिथे म्हटलं असतं, काप, पण मग स्वतःच्याही हस्ताक्षराला मुकशील.

बाई शांतपणे म्हणाल्या, "सर, वही फाडता येईल. पुस्तकाच्या आठशे प्रती गेल्यात. त्या फाडायला कुठल्या कुठल्या ग्रंथालयात जाणार? आणि प्रवासभत्ता कोण मंजूर करणार?"

सरांनी ब्लेड खणात ठेवलं.

बाईंच्या अर्जावर सुनावणी झाली. कुलसचिव मॅडम, वित्त अधिकारी आणि मध्ये मी. मॅडमनी सरांना विचारलं, "त्या दिवशी या कामावर होत्या का?"

होत्या म्हटलं तर हजेरीपट खोटा. नव्हत्या म्हटलं तर पुस्तक खोटं. सर पेलाभर पाणी प्याले. मग आणखी अर्धा पेला. माणसाला एवढी तहान खड्ड्यातसुद्धा लागत नाही.

"होत्या," ते म्हणाले.

"मग हजेरीपटावरची ही सही?"

"तीही माझीच. न वाचता केलेली." आणि माझ्याकडे बोट करून, "इकडची वाचून केली होती."

वित्त अधिकारी हिशेबी माणूस. एका बाईंचं मान्य केलं तर आरेखक, छायाचित्रकार, खापरं धुणाऱ्या बायका असे आणखी अकरा जण दारात उभे राहणार, हे त्यांनी ओळखलं. त्यांनी हसून अट सुचवली. "खंडाच्या ज्या ज्या दिवशी काम केल्याची सही मूळ कागदावर दाखवतील, तेवढे दिवस सेवा धरू. पण प्रत्येक दिवसाची हवी. सोळा वर्षांतला एकही सुटता कामा नये." कोण जपून ठेवतो सोळा वर्षांची रद्दी, असा त्यांचा हिशेब. त्यांच्या स्वतःच्या विभागात गेल्या वर्षीची पावती सापडत नव्हती.

पण साहेब, अट घातलीत कुणाला? ही माणसं दोन हजार वर्षांपूर्वीचा कचरा कापसात गुंडाळून ठेवतात, त्यावर क्रमांक घालतात आणि चुकून फुटला तर रडतात!

बाई भांडारात गेल्या. मागोमाग आरेखक, मागोमाग खापरं धुणाऱ्या चौघी. ट्रंका निघाल्या, वर्षवार, खंदकवार. "ताई, ही घ्या आठव्या वर्षाची. ताई, ह्यात माझा अंगठा पण आहे, त्याच तारखेचा!" चौसष्ट खंड, एकशे अठ्ठावीस दिवस. एकशे पंचवीस दिवस वह्यांत सापडले. उरलेल्या तीन दिवसांसाठी चौघींनी खापरांच्या थैल्या उपसल्या आणि आतल्या चिठ्ठ्या काढल्या. तारीख, थर, बाईंची सही. तिन्ही मिळाले. सगळ्या वह्या हातगाडीवर घालून कुलसचिवांच्या दालनात नेल्या. गालिच्यावर जी माती पडली ती कुणी झाडली नाही. झाडणारा म्हणाला, "माझापण खंड चालू आहे आज."

बाईंच्या निवृत्तीला सहा दिवस उरले असताना आदेश आला. हेडक्लार्कने वाचून दाखवला, 'अर्जदार यांच्या सेवेतील सर्व खंड विशेष बाब म्हणून क्षमापित करण्यात येत असून, त्यांना निवृत्तिवेतन अनुज्ञेय राहील.'

"क्षमापित?" बाई म्हणाल्या.

"म्हणजे माफ केले हो. नियमात शब्दच तो आहे. सुटलात, पेढे वाटा आता."

"मी काय गुन्हा केला होता?"

"शब्दाला कशाला धरून बसता? पैसे तर मिळणार ना?"

"ते मिळणारच. ते माझेच आहेत." बाईंनी पोचपावती पुढे ओढली. सही केली, तारीख घातली, आणि खाली भट्टीच्या मडक्यांची मापं लिहावीत तशा सरळ अक्षरात लिहिलं, 'आदेश मिळाला. खंड कधीही नव्हते. क्षमा स्वीकारलेली नाही.'

"अहो, पोचपावतीवर शेरा मारता येत नाही!"

"मग लेखी कळवा," बाई म्हणाल्या, आणि सासूबाईंची औषधं घ्यायला दुकान बंद व्हायच्या आत निघून गेल्या.

ती पोचपावती आता माझ्याच पानांत आहे. अकरा जणांचे अर्ज याच कपाटात, खालच्या कप्प्यात. परवा विद्यापीठाने परिपत्रक काढलं की यापुढे खंडाच्या दिवशी कुणी नोंदवहीत सही करू नये. खड्ड्यात उतरू नये असं मात्र त्यात कुठेच म्हटलेलं नाही. म्हणून मला वाचणाऱ्या प्रत्येक हंगामी माणसाला सांगते, सही करा. ठळक करा, आडनावासकट करा. आणि विद्यापीठाला माझा निरोप एवढाच. पुढची सुनावणी कधी आहे ते सांगा. मी तयार आहे. माझी कोरी पानं अजून एकतीस आहेत.