दंतवैद्याचा ब्रिज पोर्ट

रोटरी इंजिनातलं ज्याला ओ की ठो कळत नाही, त्याला नेमका ब्रिज पोर्टच हवा असतो, हा दाजींचा तीस वर्षांचा अनुभव. यंदा तो माणूस घरातलाच निघाला.

त्यांना दाजी म्हणायचा हक्क खरं तर एकट्या मेहुण्याचा. पण तो त्यांच्या वर्कशॉपच्या दारातून इतक्यांदा हाक मारून गेला होता की फिटरपासून पेंटरपर्यंत सगळे त्यांना दाजीच म्हणू लागले. मेहुण्यावरच्या रागाच्या यादीत हा एक राग होताच. दुसरा म्हणजे तो दंतवैद्य होता. सहा मिलिमीटरच्या पलीकडचं काम ज्याने आयुष्यात केलं नाही, त्याने इंजिनावर मत द्यावं, यापरता विनोद नाही, असं दाजींचं मत होतं.

मेहुण्याने जुनी रोटरी गाडी घेतली होती. घर ते दवाखाना चार किलोमीटर, वाटेत दोन सिग्नल. या दोन सिग्नलांवर गाडीने ढब-ढब करत उभं राहावं आणि लोकांनी माना वळवाव्यात, एवढ्यासाठी त्याला ब्रिज पोर्ट हवा होता. हवा आणि पेट्रोल इंजिनात घेणारं भोक म्हणजे पोर्ट. रस्त्यावरच्या गाडीला बिडाच्या बाजूच्या प्लेटमधलं मूळ भोक थोडं मोठं करून कडा गुळगुळीत केल्या की झालं. रेसवाले त्याच्या शेजारी चंद्रकोरीसारखी आणखी एक खाच काढतात आणि दोन्हींच्या मधे लोखंडाची पट्टी ठेवतात, तोच ब्रिज. पिस्टनऐवजी आत फिरणारा तिकोनी तुकडा म्हणजे रोटर, आणि त्याच्या कोपऱ्यातलं सील त्या पट्टीवरून सरकतं. पट्टी कमी पडली की सील भोकात आणि प्लेट भंगारात. त्याहून वरचे वेडे बाहेरच्या कवचालाच आरपार भोक पाडतात. ती गाडी मिनिटाला नऊ हजार फेऱ्यांवर स्वर्ग आणि सिग्नलला दमेकरी.

दाजींनी साफ नाही म्हटलं होतं, हवं तर साधं भोक मोठं करून देतो म्हणाले होते. मग बायको मधे पडली, आणि तिच्यापुढे बीडसुद्धा नरम येतं.

मेहुणा काम बघायला आला, तेव्हा प्लेट टेबलावर पकडलेली होती. कंपनीने त्या प्लेटा बनवणं केव्हाच बंद केलं होतं. दाजींनी ग्राइंडर उचलला.

"दाजी, आधी रोटर फिरवून बघायचा नाही का?" मेहुणा म्हणाला. "आम्ही कॅप पक्की करायच्या आधी पेशंटला चावून बघायला लावतो."

इथेच सगळा घोळ झाला. कारण तो नियम दाजींचाच होता. प्लेटला निळा रंग लावायचा, शाफ्ट आणि रोटर बसवून हाताने एक फेरी द्यायची, सीलच्या वाटेची रेघ उमटली की मगच कापायचं. हे न केल्याबद्दल त्यांनी अर्ध्या धंद्याला शिव्या घातल्या होत्या. निळ्या रंगाची बाटली हाताशी होती. आता ती उचलायची, तर दंतवैद्याच्या सांगण्यावरून उचलली असं झालं असतं.

"ते शिकाऊ लोकांना लागतं," दाजी म्हणाले. आणि नजरेनेच खाच काढली. सुरेख निघाली.

मेहुणा फोन घ्यायला बाहेर गेला, तेवढ्यात त्यांनी गुपचूप रोटर बसवला आणि फिरवला. कोपऱ्याचं सील खाचेच्या कडेशी आलं आणि अर्धं आत कललं. दोन मिलिमीटर चुकले होते. तीस वर्षांत एकही प्लेट न बिघडवलेल्या माणसाने रोटर मागे फिरवून पुन्हा आणला. सील पुन्हा कललं.

वर पाहिलं तर मेहुणा दारात उभा. त्याने खिशातून दात बघायचा छोटा आरसा काढला, वाकून खाचेखाली धरला आणि बराच वेळ पाहिलं.

"असं होतं," तो म्हणाला. त्याच आवाजात, ज्यात तो लोकांना दाढ काढावी लागेल असं सांगत असावा.

दाजींच्या कपाटात तेलाच्या फडक्यात गुंडाळलेली एक प्लेट होती, स्वतःच्या रेसच्या गाडीसाठी जपलेली. त्या मोसमातली शेवटची रेस तिच्यावर अवलंबून होती. ती त्यांनी काढली, टेबलावर ठेवली आणि निळ्या रंगाची बाटली उघडली.

"ब्रिज राहू दे, दाजी. साधंच भोक मोठं करा. तुम्ही पहिल्यापासून तेच म्हणत होता."

म्हणजे शेवटी सगळं दाजींच्या मनासारखंच झालं. गाडी सिग्नलला मांजरीसारखी गुरगुरत उभी राहते. मान कुणीही वळवत नाही. रेसच्या दिवशी दाजी घरी पेपर वाचत बसले. मेहुण्याने बहिणीला सांगितलं की आपलंच मन बदललं, दाजींनी उलट चांगला सल्ला दिला. खराब प्लेटबद्दल त्याने घरात, वर्कशॉपात, कुणापाशी चकार शब्द काढला नाही.

दाजी अजून वाट बघतात. आज ना उद्या हा कुठेतरी बोलेल, मग त्याला नीच म्हणता येईल. पण तो दर रविवारी येतो, दारातूनच "दाजी" म्हणून हाक मारतो आणि दात कसे आहेत ते विचारतो.