पडलेल्याला दिलेला हात

या, जरा पुढे सरकून बसा. तिथे दाराशी बसलात तर अर्धं वाऱ्यावर जाईल. गोष्ट सांगतो ती काशीतली आहे, पण पुराणातली नव्हे. नव्वद सालानंतरची, आपल्यातुपल्या काळातली. हिच्यात रक्त आहे, हाडं मोडली आहेत. तरीही ऐकून उठाल तेव्हा मन निवळलेलं असेल, एवढं वचन देतो.

पहिली थप्पड बसली ती वेणीमाधवाच्या गालावर. कार्तिकी पौर्णिमेची दुपार, शिंदे घाट यात्रेकरूंनी भरलेला, आणि सगळ्यांदेखत खाडकन् आवाज. पानाचा तोबरा पायरीवर सांडला.

वेणीमाधव बजड्याचा मालक. बजडा म्हणजे दुमजली नाव: खाली गाद्या-लोड, वर एकच खोली, आणि तिला घाटाच्या बाजूने लाकडी सज्जा. दीपदानाच्या संध्याकाळी त्या खोलीसाठी लोक हातघाईवर येत. मारणारा मुन्नन हा एका ठेकेदाराचा माणूस. बैलासारखी मान, हातात कडं.

"ठेकेदार साहेब के मेहमान ऊपर सज्जा में बइठिहें. समझला?"

"समझली, भइया, समझली," गाल धरून वेणीमाधव म्हणाला.

मुन्नन गेला तसा वेणीमाधव नरहरवर ओरडला, "ऐकलंस ना? त्या म्हातारीला खाली गादीवर बसव!"

नरहर बजड्याची सगळी व्यवस्था पाही. उतारूंना हात देऊन चढवणं, चहा, गाद्या, नावाड्यांची भांडणं, सगळं त्याच्याकडे. पन्नाशीचा, दुर्गाघाटच्या गल्लीत जन्मलेला.

"खोली दिलेली आहे, मालक."

"अरे, मी पण आत्ता दिली ना मुन्ननला!"

"तुम्ही गाल दिलात. खोली मी आधीच देऊन बसलोय."

"मरशील, नरहर."

"काशीत राहून मरायची धमकी कुणाला देता?"

वेणीमाधवानं कपाळावर हात मारला आणि बजड्यावर यायचंच टाळलं.

खोली होती शरदिनीआजींची. माहेर दुर्गाघाट, सासर नाशिक. अर्धं अंग गेलेलं, आणि डॉक्टरांनी सुनेला, मुक्ताला, स्पष्ट सांगितलेलं: हा शेवटचा प्रवास, पुन्हा हलवू नका. आजींची इच्छा एकच. लहानपणी त्या नि बकुळ नावाची मैत्रीण मिळून घाटावर वाती वळत, पणत्यांत तेल घालत. घरचे पुरुष नावेत बसून तो थाट पाहत, मुली पायऱ्यांवरच. "दिवे लावले रे आम्ही," त्या नरहरला म्हणाल्या होत्या, "पाहिले कधीच नाहीत. एकदा पाण्यातून दाखव." नरहरनं हो म्हटलं होतं. एवढंच.

चारच्या सुमाराला आजींना खुर्चीत बसवून, उचलून वर आणलं आणि खाटेवर निजवलं. मुक्ता सज्ज्याकडे पाहून हरखली.

"थांबा, वहिनी. सज्ज्यात काय काय होतं ते आधी ऐकून घ्या," नरहर म्हणाला, "नाहीतर बाद में म्हणाल, कुणी बोललं नाही. मणिकर्णिकेचं स्मशान बगलेलाच आहे, वारा फिरला की धूर येणार. दार लावू नका, आत कोंडतो. थोड्या वेळानं आपोआप जातो. कठड्याला टेकायचं नाही, तो जुना आहे. आजींची खाट भिंतीशी राहू द्या, तिथून सगळं दिसतं आणि पाणी उडत नाही. माकडं आली तर हातातलं केळं सोडून द्यायचं. भांडायचं नाही, ती जिंकतात."

"आणि दुसऱ्या नावा आदळल्या तर?"

"आदळतात. गर्दीत सगळ्याच आदळतात. घाबरायचं नाही."

आजी खाटेवरून हसल्या. "तू दुर्गाघाटचा ना रे? मुक्की खेळतोस?"

"खेळायचो, आजी. आता पोरांना शिकवतो."

हे मुक्कीचं ध्यानात घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. दुर्गाघाटच्या मराठी घरांत हा खेळ बापाकडून मुलाकडे आलेला. शस्त्र नाही, नुसती मूठ. सुरुवातीला भुईला हात लावून तो कपाळी लावायचा. पडलेल्यावर हात उचलायचा नाही. आणि ज्यानं पाडलं त्यानंच हात देऊन उठवायचं, पोटाशी धरायचं. मिठी झाली नाही तर मुक्की सुटली नाही, असं मानतात.

ऊन उतरलं तसा बजडा सुटला. रामघाट मागे पडला नाही तोच मोटरबोट फटफटत आली, बाजूला लागली, दोर पडला. मुन्नन आणि त्याची माणसं उड्या टाकून चढली. खालच्या उतारूंत किंकाळ्या उठल्या.

वर जायचा जिना अरुंद, एका वेळी एकच माणूस मावेल असा. नरहर त्याच्या पहिल्या पायरीवर उभा राहिला.

"हट जा, पंडित."

"वर आजारी माणूस आहे. रात्री घे खोली, मीच झाडून देतो."

मुन्नन हसला. मग वाकून त्यानं फळीला हात लावला आणि कपाळी नेला. चेष्टा होती ती. बनारसची पोरं मुक्की बघत वाढतात, नक्कल करायला काय लागतं! पण नरहरला ते खरं वाटलं. त्याचा चेहराच खुलला. म्हणजे हा आपल्यातला! त्यानंही वाकून फळीला हात लावला.

तो वाकलेला असतानाच मुन्ननचं कडं त्याच्या तोंडावर बसलं. दात तुटला. नरहर रक्त थुंकला, उभा राहिला आणि त्यानं मूठ वळली. मग मात्र मृदंगावर थाप पडावी तसे त्याचे ठोसे पडू लागले, छातीवर, खांद्यावर, बरगडीवर. गळ्याला नाही, डोळ्याला नाही. एकानं बाजूनं वल्हं घातलं, ते नरहरच्या खांद्यावर बसलं आणि हात लुळा पडल्यासारखा झाला. दुसरा पुढे घुसला, त्याला असा ठोसा बसला की तो पाण्याच्या पितळी हंड्यावर आपटला आणि कपाळ फुटलं. फळ्या निसरड्या झाल्या. नरहर पायरी सोडीना.

शेवटी मुन्ननच्या बरगडीखाली मूठ गेली. तो मागे कोलमडला, नावेच्या काठावर उताणा पडला, डोकं नि खांदे बाहेर, दोन नावांच्या मधल्या फटीवर लोंबकळत.

इथं दुसऱ्या कुणीही लाथ मारली असती, किंवा पाठ फिरवली असती. नरहर पायरी उतरला, वाकला आणि त्यानं उजवा हात पुढे केला.

"ऊठ, गुरू. झालं."

मुन्ननने हात धरला. दोन्ही हातांनी घट्ट धरला, आणि खाली ओढून काठाबाहेर, त्या फटीत दाबून ठेवला. लाट आली. मोटरबोट उचलली गेली आणि बजड्यावर आदळली.

आवाज फार मोठा नव्हता. सुकी काटकी मोडावी तसा. पण नरहरच्या तोंडून जे निघालं, ते ऐकून खालच्या बायकांनी कान झाकले. नाव पुन्हा आदळली.

मग त्यानं डावी मूठ उगारली आणि पडलेल्या माणसाच्या तोंडावर घातली. एकदा नव्हे. जबडा फिरला, दात सांडले, मुन्ननचे हात सुटले, तरी तो मारतच राहिला. बजड्याच्या नावाड्यानं मागून कव घातली तेव्हा थांबला. आजूबाजूच्या नावांतून लोक ओरडू लागले होते. ठेकेदाराच्या माणसांनी मुन्ननला फरफटत बोटीत नेलं आणि दोर तोडला.

मुक्ता धावत खाली आली. नरहरचा हात पाहून भिंतीला टेकली. "अगं आई गं! नाव फिरवा, हॉस्पिटल..."

"आधी दुर्गाघाट." त्यानं गमछा गुंडाळला. "दिवे लागायची वेळ झालीय. आणि वहिनी, आजींना यातलं काही नको."

वरून हाक आली, "नरहर! काय रे आपटलं?"

नरहरनं डोळे मिटले, श्वास घेतला. "दुसरी नाव घासली, आजी. म्हटलं होतं ना? निघालोच."

बजडा पंचगंगेवरून पुढे सरकला. जिना होता अंधाऱ्या बाजूला, पैलतीराकडे तोंड करून. तिथल्या पायरीवर बसलेल्या नरहरला एकही दिवा दिसत नव्हता. फक्त वरचा आवाज ऐकू येत होता.

"ती बघ, ती आमची पायरी. आणि तो बकुळचा कोनाडा... अगं मुक्ता," आजींचा आवाज लहान मुलीसारखा झाला, "आम्ही एवढं लावत होतो?"

नरहर ऐकत राहिला. गमछ्यातून रक्त ठिबकत होतं.

हात वाचला, पण बोटं वळायची थांबली. मूठ गेली. त्याचं त्याला दुःख नव्हतं असं कसं म्हणू? पण त्याची पत्नी गीता सांगे, झोपेत तो हातासाठी रडत नसे. "पडलेल्याला मारलं गं," एवढंच म्हणे.

थंडी सरल्यावर एका सकाळी तो मुन्ननच्या दारात उभा राहिला. मुन्ननचा जबडा वाकडा बसला होता, शब्द नीट फुटत नव्हते. तो काठी उचलायला वळला. नरहर पुढे झाला, डाव्या हातानं त्याला पोटाशी धरलं, क्षणभर तसाच राहिला. "मुक्की सुटली आता," म्हणाला आणि गल्लीतून परत आला. मुन्नन हातात काठी घेऊन दारात उभाच. त्याला काय कळलं, देव जाणे.

नरहर अजून कीर्तनाला येतो. मागे, खांबाशी बसतो. बुवा नामाचा गजर धरतात, सगळी सभा टाळी धरते, तेव्हा तो उजवा हात मांडीवर उताणा ठेवतो आणि त्याच्यावर डावा हात अलगद टेकवतो. लयीत, एकही मात्रा न चुकवता. आवाज होत नाही.

तुम्ही कुठंही असा, नाशकात, इंदुरात, काशीत. गजर सुरू झाला आणि तुमच्या हातांची टाळी खणखणीत वाजली, की आमच्या नरहरची एवढी आठवण ठेवा.