आत्याच्या पाठीवरचा हात

ओजसला जो कडेवर घेई त्याचा चेहरा तो उचलत असे, आणि घरात आता कुणाला त्याचं विशेष वाटत नव्हतं. सिलिंडर घेऊन येणाऱ्या माणसानं एकदा त्याला पाच मिनिटं खेळवलं, तर तासभर पोराच्या ओठावर फिकट मिशी होती. थोडा वेळ घेतलं तर चेहरा तासा-दोन तासांत उतरे. जास्त वेळ घेतलं तर राहून जाई. आणि ओजसला दिवसभर घेऊन असे ती त्याची आत्या.

दुखणं होतं ते इथंच. ओजसची आई केतकी सकाळी दहाला नगरपालिकेच्या वाचनालयात जाई ती सहाला परते, आणि दारात पाय ठेवावा तर नणंदेचं अपरं नाक लावलेलं पोर समोर. "अगदी आत्यावर गेलाय हो!" असं शेजारच्या शिंत्रेकाकू म्हणाल्या की केतकी हसून "हो ना" म्हणे आणि आत जाऊन कुकर जरा जास्तच आपटे. ही नणंद, सुलभाताई, केतकीच्या बाळंतपणाला म्हणून पंधरा दिवसांसाठी आल्या होत्या. ओजस आता दीड वर्षाचा होता.

बारशाला रीतीप्रमाणे सुलभाताईंनी बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगितलं, आणि रीतीप्रमाणेच भोवतीच्या बायकांनी त्यांच्या पाठीत गमतीनं धपाटे घातले. केतकीचा धपाटा तेवढा गमतीचा नव्हता. त्याचा वळ, पाची बोटं अगदी स्पष्ट, अजून होता. सुलभाताईंनी कुठलंही पोलकं घातलं तरी तो कापडावर उमटे. त्यांनी त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही, आणि केतकीला तेच जास्त झोंबे.

एका रविवारी तिघं चंद्रलोक पार्कला गेली. केतकीला खरं म्हणजे ओजसला घेऊन दोघांनीच जायचं होतं, पण तो बूट घालून आत्याचा पदर धरून उभा राहिला, तेव्हा तिघांनीच निघावं लागलं. ओजसचा बाबा हेमंत रविवारी झोपत असे.

दारावर गार्डनं दोघींच्या हातावर निळा ठप्पा मारला. "जाताना लाल मारून देईन," तो म्हणाला. "लहान मुलांना लागत नाही." त्याच्या डोक्यावर पाटी होती: 'पार्क सहा वाजता बंद होईल. मूल ज्याच्यावर गेलेलं दिसेल त्याच्याच बरोबर पुढच्या दारानं सोडण्यात येईल. इतरांनी मागच्या दाराचा वापर करावा. – हुकमावरून.'

"मागचं दार कुठं निघतं?" केतकीनं विचारलं.

"बाहेरच निघतं की," गार्ड म्हणाला. "फक्त तुमच्या गावाचा रस्ता तिथं नाही."

सुलभाताईंनी पाटी वाचली आणि पदरानं ओजसचं नाक पुसलं. ते त्यांचंच नाक होतं, गालावरची खळीही त्यांचीच. साडेदहा वाजले होते. सहाच्या आत हे नाक उतरवून आपलं बसवायचं, एवढंच केतकीच्या डोक्यात राहिलं. ताईंनी मागच्या दारानं जावं असं आपल्याला वाटतं का, हे तिनं स्वतःला विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर 'हो' आलं असतं, म्हणूनच.

पहिल्यांदा कपबशी होती. मोठाले रंगीत कप, आपापल्या बशीत गरगर फिरणारे. एका कपात एक मूल आणि एकच मोठं माणूस. केतकीला एस.टी.तसुद्धा मळमळे म्हणून खिडकीशी बसावं लागे, त्यामुळे ताईच बसल्या. केतकी कठड्याला धरून उभी राहिली. पहिल्या फेरीला ओजसच्या भुवया ताईंच्या झाल्या. दुसऱ्या फेरीला हनुवटी. तिसऱ्या फेरीला कानामागे एक पांढरी बट दिसली आणि दोघं अगदी एकसारखी मान मागे टाकून खिदळली. केतकीनं कठडा आणखी घट्ट धरला.

"पुढच्या पाळण्यात मी बसते त्याला घेऊन," ती म्हणाली.

"बस की. मी कुठं नाही म्हणते?" सुलभाताई म्हणाल्या.

पण केतकी ज्या रांगेत उभी राही ती रांग लांबत जाई. तिच्या पुढं माणसं येत नव्हती. तीच दहा माणसं एकमेकांपासून दूर होत होती आणि मधली फरशी वाढत होती. पोर तेवढ्यात रडे. ताई पलीकडच्या रांगेत नुसत्या पाय ठेवत, तर फाटक त्यांच्या समोर येई. छोट्या आगगाडीत ताईच बसल्या. लाकडी घोड्यावरही ताईच. दुपारी वडापाव खाताना केतकीनं त्याला अर्धा तास मांडीवर दाबून धरलं, तेव्हा कुठं तिचा कपाळाचा उंचवटा त्याच्या कपाळावर यायला लागला. लगेच तो ताईंकडे झेपावला.

"आत्या," तो स्पष्ट म्हणाला. केतकीला तो अजून काहीच म्हणत नसे.

कपाळ गेलं. चार वाजले. पार्क मघापेक्षा लहान झालं होतं. कपबशी आता आगगाडीला चिकटून फिरत होती, आणि कुठंही उभं राहिलं तरी पुढचं दार दिसत होतं. फक्त एकच रांग उरली होती, आणि तिच्यात कुणी नव्हतं. गुहेतली होडी.

"एक मूल, एक मोठं माणूस," होडीवाला म्हणाला.

"किती वेळ असते?"

"मूल तुमचं होईपर्यंत. मध्येच उतरता येत नाही."

केतकीनं ओजसला ताईंच्या कडेवरून ओढूनच घेतलं. सुलभाताईंनी दुधाची बाटली दिली, टोपी दिली, आणि म्हणाल्या, "रडला तर पाठीवर थोपटू नकोस गं. तळपाय चोळ, मग राहतो."

"माझा मुलगा आहे तो, ताई. कळतं मला," केतकी म्हणाली. हे तिला दीड वर्षापासून म्हणायचं होतं. म्हणून झाल्यावर काही फार बरं वाटलं नाही.

गुहेत प्लास्टरचे हत्ती होते, एक धबधबा होता, आणि कान तुटलेलं एक हरीण. ओजस रडत होता. तिनं पाठीवर थोपटलं. तो जास्त रडला. कान तुटलेलं हरीण पुन्हा आलं. गुहा लांबत होती, केतकीला ते कळत होतं, आणि तिला त्याचं काहीच वाटत नव्हतं; लांबू दे हवी तेवढी. तळपाय चोळायचे नाहीत असं ठरवून तिनं त्याला नुसतं आवळून धरलं. हरीण तिसऱ्यांदा आलं तेव्हा अपरं नाक सरळ झालं. पाचव्यांदा आलं तेव्हा डाव्या भुवईवर तिचा कांजिण्यांचा खड्डा उमटला. सातव्या हरणाला ओजस रडायचा थांबला, ओठ आवळून, अगदी ती थांबते तसा. मग त्याच्या उजव्या हाताची बोटं लांबली. नखं आली, करंगळीजवळची भाजल्याची खूण आली, अंगठीचा वळसुद्धा आला. दीड वर्षाच्या दंडाला केतकीचा अख्खा हात लागलेला होता.

केतकीचा जीव भांड्यात पडला. इतका आनंद तिला बाळंतपणानंतर पहिल्यांदा झाला.

"म्हण, आई," ती म्हणाली.

त्यानं तिच्यासारखं झालेलं तोंड उघडलं. "आत्या," तो तिच्याच आवाजात म्हणाला.

होडी थांबली.

बाहेर सहाला पाच कमी होते. सुलभाताई हातात कागदी भिरभिरं घेऊन पुढच्या दाराशीच उभ्या होत्या, कारण पार्कात आता तेवढीच जागा उरली होती. त्यांनी ओजसकडे बराच वेळ पाहिलं.

"अगदी तुझ्यावर गेला गं," त्या म्हणाल्या. आवाजात कुठंही खोट नव्हती. त्यांना आनंदच झाला होता, आणि केतकीनं दिवसभरात काय काय सोसलं असेल, पण हे तिला सोसवेना.

गार्डनं ओजसची हनुवटी वर केली, मग केतकीकडे पाहिलं. "हे तुमचं. तुम्ही इकडून. त्या बाई मागच्या दारानं."

"ताई, मी..." केतकी म्हणाली.

"असू दे गं. झोपताना त्याला टोपी नको घालूस, घाम येतो," म्हणून सुलभाताईंनी भिरभिरं ओजसच्या डाव्या मुठीत दिलं आणि त्या वळल्या. पाठमोऱ्या झाल्या तसा पोलक्यावरचा वळ दिसला, पाची बोटं.

ओजस केतकीच्या कडेवरून वाकला. त्यानं उजवा हात लांब केला आणि वळावर ठेवला. बोटात बोट बरोब्बर बसलं. मग त्यानं मूठ वळून पोलकं धरलं, आणि सुलभाताई थांबल्या.

"सोड, ओजस," केतकी म्हणाली. तिनं ओढलं. त्यानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. भुवईवर खड्डा असलेला तिचाच चेहरा होता तो, आणि बघत होता तसंच, जसं तिनं दिवसभर कठड्यावरून ताईंकडे पाहिलं होतं.

"चला, सहा वाजले," गार्ड म्हणाला. त्यानं लाल शाईत ठप्पा बुडवला. "आईचा हात कुठला?"

केतकीचा एक हात ओजसच्या कमरेभोवती होता. तसाच दुसरा, ओजसचा, सुलभाताईंच्या पाठीवर. गार्डनं दोन्ही नीट निरखले, करंगळीजवळची खूण पाहिली, अंगठीचा वळ पाहिला. मग पाठीवरच्या हातावर ठप्पा मारला, ओजसला उचलून ताईंच्या कडेवर दिलं, आणि केतकीला म्हणाला, "आईचा हात ज्यांच्या पाठीवर, मूल त्यांचं. बाई, तुम्ही मागच्या दारानं."